रोजचाच प्रश्न

विद्यापीठात मतदार नोंदणीच्या टेबलावर बसायची नोकरी तिला मिळाली होती. अट एकच, कुणाची बाजू घ्यायची नाही. तोंडातून एक नाव निसटलं की नोकरीला रामराम. फरशी पुसणाऱ्या मावशी मात्र रोज येऊन विचारायच्या, "पोरी, मत कुणाला देऊ गं?"

"मावशी, तुमचं तुम्ही ठरवा."

मावशी हसून निघून जायच्या. आपली परीक्षा घ्यायला साहेबांनीच तर यांना धाडलं नसेल? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शेवटी तिनं विचारलंच, "उत्तर ठाऊक असून रोज कशाला विचारता हो?"

मावशींनी बादली खाली ठेवली. "आधी सासरे सांगायचे, मग नवरा, आता लेक सांगतो. 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणणारी तूच पहिली. एकदा ऐकून मन भरतं होय?"