डावी सीट

कपात कालवलेलं रेझिन, प्लास्टिक जोडायचा चिकट रस, घट्ट व्हायच्या आधीच तापायला लागतं.

वडवणी गावात समुद्र पाहिलेली माणसं कमी.



प्रतिकृतीचं एकदा चिकटवलेलं छप्पर पुन्हा उघडत नाही.

“ही मिशी कशाला?” राजनंदिनीनं विचारलं.

“पळपुटा हाय, तसा दिसू द्या की, ताई.”

दस्तगीरनं चिमट्यात धरलेली मूर्ती बोटाच्या पेराएवढी होती. विमानाचा कॅप्टन. पीळ दिलेल्या मिशा त्यानं मुद्दाम कोरल्या होत्या.

त्याचं दुकान गाड्यांचे फुटलेले बंपर जोडायचं. पण हे काम त्यानं मागून घेतलं होतं. अंगद शाळेत त्याच्याच बाकावरचा. नौदलात वैमानिक झाला. गेल्या वर्षी त्याचं गस्तीचं विमान धावपट्टीवर उतरताना घसरलं आणि पेटलं. उजव्या सीटवरचा अंगद गेला. डाव्या सीटवरचा कॅप्टन वाचला. त्याचं नाव नौदलानं जाहीर केलं नाही. गावानं मग बिननावाच्याच शिव्या घातल्या. सगळ्यात जास्त दस्तगीरनं.

अंगदच्या आईला, विमलबाईंना, शाळेत काचेच्या पेटीत त्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती ठेवायची होती. दोन्ही सीटवर माणसांसकट.

राजनंदिनी त्यांच्याकडंच उतरली होती. “आपल्या घरचीच हाय,” एवढीच ओळख विमलबाईंनी करून दिली. उरलेलं गावानं जुळवलं: अंगदशी लग्न ठरलं असणार. पोर रोज दुकानात यायची, शेपटीचा कोन, अँटेनाची जागा, पट्ट्यांचा रंग सांगायची. अंगदनं सांगितलं असणार. तिच्या उजव्या हातात कायम हातमोजा असायचा. रेझिन अंगावर उठत असेल, असं दस्तगीरला वाटायचं.

“कॅप्टनला मिशी नव्हती,” ती म्हणाली. डाव्या हातानं तिनं कानस उचलली आणि मिशी घासायला लागली.

दस्तगीरचं डोकं सटकलं. “तुमी त्याची बाजू कावून घेता? आमचा दोस्त जळत होता अन् ह्यो भायेर! त्याला अंगदच्या शेजारी बसवायचं? माझा हात चालायचा न्हाई. ती सीट रिकामी ठेवतो.”

“रिकामी नव्हती ती.”

“माह्यासाठी हाय!”

दारात चपला वाजल्या. विमलबाई आत आल्या. टेबलावर विमान चाकांवर उभं होतं, पांढरं, वरून उघडं. उजव्या सीटवर अंगद.

“काय चाललंय रं? पार स्टँडवर ऐकू येतंय.”

“काकू, तुमीच सांगा यांना. पोटचं पोरगं गेलं तुमचं. त्या हरामखोराला पूजायचं का आता?”

विमलबाईंनी राजनंदिनीच्या हातातली मूर्ती घेतली, कानशीची पूड पदरानं टिपली आणि स्वतःच डाव्या सीटवर बसवली. बोटानं हलकेच दाबली.

“आता लाव छप्पर.”

“काकू—”

“लाव म्हणते न्हवं.”

दस्तगीरनं दात आवळून कडांना रेझिन लावलं. छप्पर टेकवलं. धरून ठेवायचं म्हणून बोटं तिथंच, आणि तोंड मोकळं.

“ताई, तुमचं तर त्या नौदलवाल्यांत जाणं-येणं हाय. कधी भेटला तर इचारा. म्हणावं, दोस्ताला आत सोडून तुझं पाऊल उचललं कसं बे?”

“रोज विचारते,” राजनंदिनी म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. विमलबाईंनी तिचा हातमोज्यातला हात आपल्या हातात घेतला. बोटांखाली छप्पर घट्ट झालं.

अपघाताच्या सकाळी डाव्या सीटवरून बाहेर पडलेली विमानाची कॅप्टन, लेफ्टनंट कमांडर राजनंदिनी, अंगदचा पट्टा सोडवायला पेटत्या विमानात पुन्हा शिरली होती.