डावी सीट

सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून टेम्पोने ठोकलं, त्याला आठ दिवस झाले होते. तेव्हापासून गाडीचा मालक रोज गॅरेजमध्ये येऊन उभा राहायचा. बंपर कंपनीचाच हवा, रंग तंतोतंत जुळला पाहिजे, डिकी एका बोटाने लागली पाहिजे. "वरवरचं काम मला चालत नाही," तो बजावायचा. मिस्त्रीला असं गिऱ्हाईक आवडायचं.

आज मिस्त्रीने पुढची डावी सीट काढून बाहेर ठेवली होती.

"हिला काय झालं? साधा ओरखडाही नाही."

मिस्त्रीने कव्हर सोलून आतली लोखंडी चौकट दाखवली. ती पाठीमागे वाकली होती.

"मग नवीनच बसवा."

"बसवतो. पण साहेब, लोखंड वाकलंय म्हणजे दणका केवढा असेल! इथे कोण बसलं होतं?"

"बायको. तिला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घरातलं सगळं करतेय."

"डॉक्टरांनी बघितलं?"

रस्त्यावर येऊन त्याने बायकोला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"दवाखान्यात. मानेचा एक्स-रे काढायचाय, नंबर लावून बसलेय. चार दिवस डावा हात वर होत नाहीये."

"अगं, मग मला सांगायचं नाही का? एकटी कशी गेलीस?"

"बसने," ती म्हणाली. "तुमची गाडी झाली का?"