खवले मांजराचं बीळ

केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलेले गुणवंतराव आठ वर्षं दर रविवारी फरिदाबादजवळच्या अरवलीच्या टेकड्या तुडवत होते. एका पहाटे त्यांना अखेर खवले मांजर दिसलं. मादी होती, शेपटीवर पिल्लू घेऊन बिळात शिरत होती. त्यांनी पटकन तिचा फोटो काढला.

"अहो, निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर टाका की! किती वर्षं वाट पाहिलीत!" त्यांची बायको अलकनंदा म्हणाली.

"बिल्कुल नाही. खवल्यांसाठी लोक जीव घेतात त्यांचा. जागा कळली, तर आठवड्यात बीळ रिकामं होईल."

पुढे त्या भागात प्राण्यांची सरकारी पाहणी झाली. हौशी मंडळींकडूनही नोंदी मागवल्या, पण गुणवंतराव गप्पच बसले. कुणाचा काय भरवसा! आपण त्या मायलेकरांना जपलं, याचं त्यांना मनातून फार समाधान होतं.

मग एका रविवारी ते गेले, तर नव्या रस्त्यासाठी टेकडी अर्धी कापलेली होती आणि बिळाच्या जागी खडीचा ढीग होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याला गाठलं, फोटो त्याच्या टेबलावर आपटला आणि विचारलं, "ये आपको दिखा नहीं?"

अधिकाऱ्यानं फोटो उचलून नीट पाहिला.



"भाईसाब, पूरे सर्वे में बस यही एक सबूत नहीं मिला. मिल जाता, तो सड़क उधर से जाती ही नहीं."