पुढचं तेच लिहितं

“झालं बघा अक्का,” काशप्पानं कीबोर्डवरची धूळ बाहीनं पुसली. “जुना ब्राउझर पार काढून टाकला. नवा कसा सुसाट पळायलाय, बघा.”

भालकीच्या बसस्टँडमागं संगणकदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या काशप्पाला जयंतीबाईंनीच बोलावून घेतलं होतं. जुना ब्राउझर मुंगीच्या पावलानं चालायचा, आणि त्यांचे यजमान अच्युतराव तेरा वर्षं तोच कवटाळून बसले होते. शेवटी रोजच्या कटकटीला कंटाळून ते म्हणाले होते, “कर बाई तुझ्या मनासारखं.”

आता अच्युतराव खुर्चीत बसले. चष्मा लावून त्यांनी एक अक्षर दाबलं, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि वाट बघू लागले.

“लिहा की सर,” काशप्पा म्हणाला.

“लिहिलं की. पुढचं तेच लिहितं.”

“ते जुनं लिहायचं, सर. ह्याला तुमचं काहीच ठाऊक न्हाई.”

जयंतीबाईंना हसू आलं. तीस वर्षं हायस्कूलात शिकवलेला हा माणूस, हजेरीपट न उघडता हजेरी घेणारा. अजूनही बाजारात जुने विद्यार्थी अडवून विचारत, “सर, मी कुठल्या बाकावर बसायचो?” सर फाडकन सांगत, “शेवटच्या!” आणि समोरचा खूश होऊन पायाच पडे. अलीकडं सर सगळ्यांनाच शेवटचा बाक देऊ लागले होते. ते जयंतीबाईंच्या ध्यानात आलं होतं, पण शेवटच्या बाकावर न बसलेला मुलगा भालकीत मिळायचा कुठं, असं म्हणून त्यांनी तो विषय मनातच मिटवून टाकला होता.

काशप्पानं मेलचं पान उघडलं. “पासवर्ड सांगा, सर.”

“तो मी कधी घातलाच न्हाई.”

“एकदा घातला असंल, सर. मग जुन्यानं ध्यानात ठिवला. आजवर तेच ठिवत आलं की सगळं.”

काशप्पा साधंच बोलला, पण जयंतीबाईंचं हसू मावळलं. मुलाचा पत्ता, नातीचा वाढदिवस, गाणगापूरच्या पुजाऱ्यांचं नाव, सगळं एका अक्षरावर समोर यायचं. त्यातलं ह्यांच्या ध्यानात किती होतं आणि त्या डब्याच्या किती, हे आता कोण सांगणार? आणि तो डबा रिकामा करायला लावला कुणी? आपणच.

“भिऊ नका अक्का. विसरलं की एक प्रश्न विचारतंय. सरांनीच घालून ठिवलेला हाय.” काशप्पानं वाकून वाचलं. “पत्नीचं माहेरचं नाव काय?”

ह्या वयात जयंतीबाई लाजल्या. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘जयंती’ लिहिलं गेलं आणि जुनं नाव मांडवातच राहिलं. आईवडील गेले, भाऊ गेला. मुलाला तर ते नाव कधी कळलंच नव्हतं. त्या नावानं हाक मारणारं एकच माणूस आता जगात उरलं होतं. घरात कुणी नसलं की अच्युतराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि हळूच तशी हाक मारायचे. शेवटची हाक कधी मारली होती बरं? दिवाळीच्या आधी? की त्याच्याही आधी? त्यांना ते आठवेना.

“हात्तिच्या, हे तर सोपंच हाय,” म्हणत अच्युतरावांनी ‘जयंती’ लिहिलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. चूक.

“अहो, ते सासरचं. माहेरचं विचारायलंय.”

“व्हय, व्हय. कळलं मला.” त्यांनी पुन्हा लिहिलं. ‘जयंतीबाई’.

पुन्हा लाल अक्षरं.

“सर, आता एकदाच राहिलं हं,” काशप्पाचा आवाज खाली आला. “ह्या वेळी चुकलं तर बंदच होतंय.”

जयंतीबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आपण सांगून टाकलं, तर त्यांना आठवलं असतं की नाही, हे कधीच कळणार नव्हतं. “तुम्हीच आठवा की,” त्या हसून म्हणाल्या.

अच्युतरावांनी एक अक्षर दाबलं. ‘स’. दोन्ही हात मांडीवर घेतले आणि पडद्याकडं बघत बसले.

पंखा फिरत होता. पुढचं कुणीच लिहिलं नाही. काशप्पा उगाचच मागच्या वायरी चाचपू लागला.

“वृंदा,” जयंतीबाई म्हणाल्या. त्यांना राहवलंच नाही.

अच्युतरावांनी ‘स’ पुसला. नव्यानं शाळेत आलेल्या मुलीचं नाव हजेरीपटात घालावं तसं त्यांनी एकेक अक्षर जपून लिहिलं. मेल उघडली. काशप्पानं सुटकेचा श्वास सोडला.

अच्युतराव खुर्चीतून वळले. मुलांच्या आया भेटायला आल्या की त्यांच्याशी हसून बोलत, तसेच ते जयंतीबाईंकडं बघून अदबीनं हसले. मग आतल्या खोलीच्या दाराकडं एक नजर टाकून त्यांनी आवाज अगदी बारीक केला.

“बरं झालं अक्का, तुम्हाला ठाऊक होतं. पण जयंतीला सांगू नका हं, मी विसरलो म्हणून. तिला लई वाईट वाटंल.”