दाराची आतली बाजू

इंजिनीअर बाईंनी स्टुलावर चढून छतावर हातोडी मारली. खिडकीजवळ ठण्ण आवाज आला. हॉलच्या मधोमध मारली, तर नुसता भद्द. प्लास्टरचा एक पोपडा सुटला आणि मास्तरांच्या पायाशी येऊन फुटला.

"हा स्लॅब तोडावा लागणार," बाई वरूनच म्हणाल्या. "काँक्रीट गुलाबी पडलंय बघा. म्हणजे चांगलंच भाजून निघालंय. दिसायला धडधाकट दिसतं, पण आतून जीव गेलेला असतो. तोवर खाली टेकू लावून घ्या."

मास्तरांनी मान वर करून बघितल्यासारखं केलं. आगीनंतर घरात पाऊल टाकायची परवानगी आज पहिल्यांदाच मिळाली होती. बायको सोबत होती, आणि आईही. तिला येऊ नको म्हणून दोघांनी हरप्रकारे सांगून पाहिलं, पण "माझी खोली मला बघू दे" म्हणत ती दोन जिने कठडा धरून, बसत-उठत चढली होती. शेजाऱ्यांनी दिलेल्या खुर्चीवर ती आता उंबऱ्याशी बसली होती.

हॉलमध्ये ओळखीचं असं काही उरलं नव्हतं. स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावली होती तिथली फरशी उखडून उभी राहिली होती. खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट वितळून ओघळली होती आणि तिचे गोळे जमिनीला चिकटून बसले होते. लोखंडी कपाटाने कमरेत वाकून भिंतीला डोकं टेकलं होतं. बाथरूमचं दार कुठे गेलं म्हणावं, तर बिजागऱ्या तेवढ्या जागेवर.

आईच्या खोलीचं दार मात्र उभं होतं. काळंठिक्कर, सुसरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं. बाईंनी खिशातून छोटा चाकू काढून त्या कोळशात खुपसला. थोडा आत गेला आणि अडला.

"भरीव लाकूड आहे," त्या खूश होऊन म्हणाल्या. "लोखंड तापलं की हातपाय गाळतं. लाकडाचं तसं नाही. वरचा थर जळून कोळसा होतो, आणि तोच कोळसा आतल्याला सांभाळतो."

त्यांनी दार ढकललं. आतल्या बाजूचा रंग तसाच होता, कडेला चार फोड आलेले, एवढंच. खुंटीवर आईची शाल होती. काजळी धरलेली, पण शाबूत.

"दार लावलं होतं कोणी?"

"यांनीच!" बायको पुढे झाली. "आई आत, हे दारात, आणि हॉलमध्ये भडका. मी असते तर किंचाळत उभी राहिले असते. यांनी दार ओढून घेतलं आणि माणसं आणायला धावले. बंबवाल्यांनी मग खिडकीला शिडी लावून आईंना काढलं."

"मास्तर, तुम्ही त्यांचा जीव वाचवलात," बाई म्हणाल्या. "खरं सांगते. दार उघडं टाकून पळाला असतात, तर दोन-चार मिनिटांत धुराने सगळं आटोपलं असतं. शाळेत मुलांना सांगा हे."

"सांगायलाच हवं. पण यांच्या तोंडून शब्द फुटेल तर ना," बायको म्हणाली.

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्या दिवशी ते याच दारात उभे होते, आईच्या चहाचा रिकामा कप हातात घेऊन. मागे फाडकन आवाज झाला, पडदा पेटला. भिंतीच्या कडेकडेने एकट्या माणसापुरती वाट अजून मोकळी होती. आईने पलंगावरून हात पुढे केला होता. "अरे, मला धर." तो हात त्यांनी नीट पाहिला होता. दार त्यांनी आगीला अडवायला ओढलंच नव्हतं. ती हाक मागून येऊ नये, म्हणून ओढलं होतं.

"आणि आजी, तुम्हीही मोठ्या धीराच्या," बाई आईकडे वळल्या. "अशा वेळी माणूस आतून दार उघडायला जातो आणि घात होतो. तुम्हाला सुचलं कसं?"

आईने खुर्चीतून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पायाजवळचा पोपडा बुटाने बाजूला सारला.

"मला कुठलं सुचतंय," ती म्हणाली. "तोच सांगून गेला ना. आई, दार लावतो, तू हात लावू नकोस, खिडकीशी जाऊन बस, मी आलोच माणसं घेऊन."

इतकं सहज म्हणाली, की क्षणभर मास्तरांना ते आपल्याच आवाजात ऐकू आलं. बायकोने डोळे पुसले. बाई मान डोलावून पुढच्या खोलीकडे वळल्या, बायको त्यांच्यामागून गेली.

"चल, बघून झालं माझं," आई म्हणाली.

मास्तरांनी तिला उठवलं. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर त्यांना राहवेना. "आई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी असलं काही बोललो नव्हतो."

आई पायाने पुढची पायरी चाचपत होती. ती मिळाल्यावर म्हणाली,

"ते मला ठाऊक नाही होय?"

जिना लवकर संपावा असं मास्तरांना वाटलं, आणि नकळत त्यांचे पाय भराभर पडू लागले. आईने त्यांच्या दंडावरची पकड घट्ट केली.

"हळू चाल रे जरा," ती म्हणाली. "आज कुठे आग लागलीय."