मोठ्या सरांचा आवाज

सलूनवाले काका हॉलच्या दारातून आत आले आणि स्टेजमागे उभा असलेला नकल्या चटकन पडद्याआड लपला.

आता काका म्हणजे काही वाघ नव्हेत. शाळेमागच्या गल्लीत त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून, आणि अर्ध्या वर्गाची डोकी त्यांनीच भादरलेली. पण ते कॅलक्युलेटरचे वडील होते आणि थेट पहिल्या रांगेत, मुख्याध्यापकांच्या शेजारी जाऊन बसले. नकल्याला नेमकं तेच नको होतं.

कॅलक्युलेटर म्हणजे गणितात कायम पहिली येणारी मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. भाऊ लहान, घराकडे बघायला कोणी नाही, म्हणून काकांनी तिला शाळेतून काढायचं ठरवलं. ती मागच्या बाकावर बसून दिवसभर रडली. नकल्याला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी त्याने गच्चीत जाऊन सलूनमध्ये फोन लावला, घसा खाकरला आणि मुख्याध्यापकांच्या, म्हणजे मोठ्या सरांच्या आवाजात बोलायला लागला.

"काय आहे ना, अशी मुलगी दहा वर्षांत एखादी मिळते. तिला घरी बसवलंत तर मी रोज तुमच्या दारात येऊन बसेन, सांगून ठेवतो!"

काका नुसते "हो सर, बरं सर" करत राहिले. कॅलक्युलेटर शाळेत राहिली. फोन कोणी केला ते नकल्याने तिलासुद्धा सांगितलं नाही.

आणि आज निरोपाच्या दिवशी काका आणि सर खांद्याला खांदा लावून बसलेले! फोनचा विषय निघाला की संपलंच सगळं. वर्गाचे दाखले अजून सरांच्या पुढ्यात होते. वर्तणुकीच्या रकान्यात सर स्वतः लिहायचे, आणि नाटकाच्या ज्या कॉलेजात नकल्याला जायचं होतं तिथे तो रकाना आधी वाचत.

"नकल्या, तुझा नंबर!" बाईंनी त्याला पुढे ढकललं.

तो स्टेजवर गेला. रोज उशिरा येणाऱ्याला त्याने गजराचं घड्याळ दिलं, दुसऱ्यांचे डबे फस्त करणाऱ्या जाडीला रिकामा डबा दिला आणि परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्याला दुर्बीण. जाडीने डबा उघडून बघितला आणि "यात काहीच नाही रे!" म्हणून बोंब मारली. हॉल हसून लोळला.

"मोठे सर! मोठे सर कर!" मागून ओरडा सुरू झाला.

नकल्याने सरांकडे बघितलं. सर मान डोलावत होते. मग काय, त्याने हात मागे बांधले, घसा खाकरला. "काय आहे ना..." एवढ्यावरच टाळ्या पडल्या.

"आणि ती अर्धी मिशी?" कोणीतरी ओरडलं.

दोन वर्षांपूर्वी सर एका सकाळी मैदानावर आले ते एका बाजूची मिशी गायब! हसायची कोणाची टाप नव्हती. सगळा वर्ग गाल चावत उभा होता. दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धीही गेली, ती परत काही उगवली नाही. आता सर स्वतःच खो खो हसत होते. काका मात्र खाली मान घालून बुटांकडे बघत बसले.

नकल्या खाली उतरतो तोच कॅलक्युलेटर माईकपाशी पोचली. हातात कागद नाही, काही नाही.

"मला एकच सांगायचंय," ती म्हणाली. "मोठ्या सरांनी त्या दिवशी माझ्या बाबांना फोन केला नसता, तर आज मी इथे नसते. सर, थँक्यू!" आणि बोलता बोलता ती रडायलाच लागली.

झालं! नकल्याने डोळे गच्च मिटले. हॉलमध्ये टाळ्या पडत होत्या, त्याच्या कानात नुसती घुंई घुंई.

सर सावकाश उठले. काकांकडे त्यांनी एकदा बघितलं.

"मुली, पुष्कळ शीक," ते म्हणाले. "आणि त्या फोनवर जे बोललं गेलं, त्यातला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे."

बस्स. पुढे काही नाही. सर खाली बसले आणि दाखले वाटायला लागले. नकल्याचा नंबर आला तेव्हा त्याने सरांकडे न बघताच दाखला घेतला. बाहेर व्हरांड्यात येऊन त्याने दाखला उघडला. वर्तणूक: अत्युत्तम. तो तिथेच पायरीवर बसला आणि एकटाच हसत सुटला. सुटलो बुवा एकदाचे! सर वयाने विसरले असणार, आणखी काय?

पण काका समोरून येताना दिसले आणि त्याला राहवेना. या माणसाला आपण फसवलं आणि वर त्याच्याच हातचे केस कापून घेतले. त्याने त्यांना बाजूला घेतलं.

"काका, रागावू नका. तो फोन सरांनी केलाच नव्हता. मी केला होता."

"माहीत आहे रे," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"तू हॅलो म्हणालास ना, तेव्हापासून."

नकल्याचा चेहरा उतरला. ज्या आवाजावर आयुष्य काढायचं ठरवलं होतं, तोच पहिल्या शब्दाला पकडला गेला होता.

"म्हणजे आवाज जमला नव्हता?"

"हुबेहूब होता! पण माझ्या दोन्ही हातांना साबण, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला होता, आणि तुमचे सर समोरच्या खुर्चीत तोंडाला फेस लावून बसले होते."