काठोकाठ

“तूट येते खर्चामुळे! खर्चामुळे!” दोरोनबेकने जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर मूठ आपटली, तसे बोर्सोकचे तळलेले गोळे टणाटण उडाले. “वीज फुकटात जाळायची, पेन्शन दरवर्षी वाढवायची, आणि पैसा काय आभाळातून पडणार?”

“तिजोरीत येऊच कुठे देता तुम्ही पैसा?” शायलोबेक गुडघ्यांवर उठून बसला. “बड्या आयातदारांना करमाफी, त्यांच्या मेव्हण्यांना करमाफी! आणि भोक पडलं की बोट कुणाकडे? म्हातारीच्या पेन्शनकडे! वा रे साहेब!”

आतल्या खोलीच्या दाराआडून आयपेरी बघत होती. तिच्या सोयरिकीला जमलेली माणसं अर्थसंकल्पावर भांडत होती. चूक त्या टीव्हीची. बातम्यांतली बाई म्हणाली, यंदाही तूट, आणि झालं! दोरोनबेक, तिचा होणारा सासरा, याचा जन्म सरकारी अर्थखात्यात गेलेला. आणि शायलोबेक, तिचा बाप, ‘शायलो’ म्हणजे निवडणूक, मतदानाच्या दिवशी जन्मला म्हणून हे नाव पडलं, आणि तेव्हापासून विरोधी पक्षात. टोकमोकच्या नगरसभेत त्याच्यापुढे टिकणारं कोणी नव्हतं. आज तोडीस तोड भेटला होता. दोघांचे कान लालबुंद झाले होते, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही भांडणाचा रंग चढला होता.

जीव जात होता तो आयपेरीचा. दोन्ही बापांनी मेंढ्याच्या शेपटीची चरबी आणि काळीज एका घासात खायचं, मग मुलाच्या आईने मुलीच्या कानात कुड्या घालायच्या. एवढं झालं की सोयरीक खुद्द खानालाही मोडता येत नाही. काळीज अजून चुलीपाशीच होतं. कुड्यांची डबी दोरोनबेकच्या बायकोच्या, गुलसूनच्या मांडीवर उघडी होती.

फोन थरथरला. नवरामुलगा तिलेक रिवाजाप्रमाणे बाहेर गाडीत बसला होता. ‘झालं का?’

‘नाही. अजून पेन्शनवरच आहेत,’ तिने लिहिलं. ह्या मुलाशिवाय तिला दुसरं कुणीही नको होतं.

“पुढारीपण सोडा आणि गणित शिका!” बाहेरच्या खोलीत दोरोनबेक गरजला. “घरात मिळकत बघून खर्च करतात की नाही?”

“गणित मी शिकवतो तुम्हाला!”

शायलोबेकने बहिणीच्या, बुरूलच्या हातातली चहाची किटली हिसकावली. सगळ्यांच्या पियाल्यांत दोन-दोन घोटच चहा होता, आपल्या माणसाला देतात तसा. थोडा द्यायचा, संपला की पुन्हा द्यायचा, म्हणजे माणूस बसून राहतो. त्याने दोरोनबेकपुढचा पियाला ओढला.

“ही तुमची तिजोरी. आता बंद करा त्या माफ्या आणि बघा कशी भरते! अशी! अशी! अशी!”

चहा काठाला आला, काठावर फुगला आणि दस्तरखानावर ओघळला. शायलोबेकने मैदान मारल्याच्या तोऱ्यात वर बघितलं. मग खाली बघितलं.

काठोकाठ भरलेला पियाला पाहुण्यापुढे ठेवला, की त्याचा अर्थ एकच. उठा आता.

गुलसूनने डबी मिटली. तिचा ‘टक्’ आवाज आयपेरीला दाराआड ऐकू आला.

“अहो, तसं नाही, मी आपली तिजोरी…” शायलोबेकने घाईघाईने किटली खाली ठेवली.

“कळलं आम्हाला.” दोरोनबेकचा चेहरा पांढरा पडला होता. तो उठायला लागला. “गुलसून, चल. पोराला म्हणावं, गाडी का…”

‘काढ’ म्हणायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बुरूलने साधलं. आयपेरीची ही आत्या कधी चुलीकडे गेली आणि कधी ताट घेऊन आली, कुणालाच कळलं नव्हतं. चरबी आणि काळजाचा मूठभर घास तिने त्याच्या तोंडात कोंबला. घोड्या दोहणारा हात तो, त्याच्यापुढे अर्थखात्याचं काय चालणार? मग ती वळली. भावाचं तोंड तर आधीपासूनच उघडं होतं, दुसरा घास तिथे गेला.

“खाल्लं!” बुरूल ओरडली. “दोघांनी खाल्लं! सगळ्यांनी बघितलं!”

“गिळलंय कुठे अजून?” गुलसून म्हणाली.

दोरोनबेक गाल फुगवून उभा होता. भरल्या दस्तरखानावर अन्न थुंकण्याइतका तो खालच्या घरचा नव्हता. पण बाहेर जाऊन थुंकता आलं असतं, आणि तो दाराकडे वळलाही. दारात आयपेरी उभी होती. लपायचं ती विसरून गेली होती. ओढणी खांद्यावर घसरलेली, डोळे काठोकाठ.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग चावायला लागला. शेपटीची चरबी लवकर गिळली जात नाही. सगळी खोली त्याच्या गळ्याकडे बघत होती.

त्याने गिळलं.

मग तो खाली बसला, तो भरलेला पियाला दोन्ही हातांनी उचलला आणि गरम चहा एका दमात रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं. धापा टाकत त्याने पियाला पुढे धरला.

“बघितलंत, व्याहीबुवा? हात सैल सोडला की काय होतं ते? मघापासून मी दुसरं काय सांगतोय? तूट खर्चामुळेच!”

अशी हसली ती खोली, की बाहेर गाडीचा दरवाजा धाडकन उघडला. गुलसून डबी घेऊन आयपेरीकडे निघालीसुद्धा. शायलोबेकने घास कसाबसा गिळला. मग किटली उचलली. त्याने हलकेच धार सोडली आणि लगेच थांबवली.

दोरोनबेकने पियाल्यात डोकावून बघितलं. तळ जेमतेम झाकला होता.

“एवढाच?”

“एवढाच.” शायलोबेकने किटली बाजूला ठेवली. “जमाच कमी आहे, व्याही. बसा.”